कामातून परमार्थ: रोजच्या कामात स्वतःची ओळख आणि देवाचे सान्निध्य कसे साधावे

रोजच्या कामातूनही परमार्थ साधतो, हे मराठी माणूस लहानपणापासून कीर्तनात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकत आलेला असतो. अडते ते अमलात आणताना. सकाळी साडेसातला घर सोडून रात्री आठला परतणाऱ्याने देवासाठी वेळ कोठून काढायचा? फळाची अपेक्षा सोडायची, तर पगारवाढ मागायची की नाही? वरिष्ठ अन्याय करत असतील, तर तो देवाची इच्छा समजून सोसायचा का? काम मुळातच आवडत नसेल, तर त्यात देव कसा दिसणार? हे प्रश्न वाचक वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारतात. गीतेतील कर्मयोग आणि वारकरी परंपरा यांच्या आधाराने त्यांची व्यवहारात उतरवता येतील अशी उत्तरे पुढे क्रमाने दिली आहेत.

परंपरेचा आधार

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कर्मयोग मांडला आहे. नवव्या अध्यायात प्रत्येक कृती ईश्वराला अर्पण करण्याची रीत आली आहे आणि अठराव्या अध्यायात स्वतःच्या कर्मानेच त्याची पूजा घडते असे सांगितले आहे. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये नेवाशाला हा विचार मराठीत आणला आणि त्या काळच्या संतमंडळींनी तो आपापल्या धंद्यात जगून दाखवला. अरणचे सावता महाराज मळ्यात राबत, तेरचे गोरोबा मडकी घडवत, पंढरपूरचे नरहरी सोनारकाम करत, नामदेवांचे घराणे शिंप्याचे होते आणि त्यांच्याच घरी जनाबाई दळणकांडण करत. सावता महाराजांबद्दल सांगतात, की ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत. विठ्ठलाची पालखी दरवर्षी त्यांच्या भेटीला अरणला जाते.

विसाव्या शतकात लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ 1915 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातून कर्मयोगाची सविस्तर मांडणी मराठी वाचकांसमोर आली. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. बाहेरच्या कामाला आतून मनाची जोड मिळाली, की काम तेच राहूनही त्याचे ओझे वाटत नाही, हा त्या प्रवचनांतला विचार या विषयाच्या मुळाशी आहे.

यातून हाती लागणारे सूत्र असे: देवासाठी कामातून वेगळा वेळ काढता आला तर उत्तमच, पण तो मिळाला नाही म्हणून परमार्थ अडत नाही. काम किती लक्षपूर्वक होते, किती सचोटीने होते आणि ते ज्याच्यापर्यंत पोहोचते त्या माणसाला काय मिळते, यावर तो अवलंबून असतो.

‘खरा मी’ म्हणजे कामापुरते काय समजावे

वेदान्तात आत्मस्वरूपाची चर्चा फार खोल आहे. रोजच्या कामासाठी त्यातला एकच भेद पुरेसा आहे. हुद्दा, पगार, कसब, लोकांचे मत, आजची मनःस्थिती हे सगळे बदलते. हे बदल ज्याला कळतात, तो ‘मी’ त्यांच्याबरोबर बदलत नाही.

हा भेद प्रसंगात असा दिसतो. बैठकीत चारचौघांसमोर तुमच्या कामातली चूक काढली जाते. कान तापतात, छाती धडधडते, उलट उत्तर ओठांवर येते. त्याच क्षणी ‘मला राग आला आहे’ हे ज्याला जाणवते, तो त्या रागापासून थोडा अलग उभा असतो. राग दाबायचा नसतो आणि त्याच्यामागे वाहतही जायचे नसते; फक्त ती जाणीव दोन श्वासांपुरती टिकवायची असते. एवढ्या अवकाशात दाखवलेली चूक खरी आहे की खोटी हे तपासता येते. खरी असेल तर मान्य करा, खोटी असेल तर शांतपणे खुलासा करा.

आवडीचे काम मिळाले म्हणजे स्वतःचा शोध लागला, असा एक समज अलीकडे रूढ झाला आहे. आवडीचे काम मिळणे हे भाग्यच, पण ते काम उद्या सुटू शकते, निवृत्ती तर येतेच. स्वतःची सगळी ओळख कामावर टांगलेली असेल, तर निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी माणूस सैरभैर होतो. कामात राहूनच कामापलीकडच्या ‘मी’ची सवय लागली, तर ती वेळ जड जात नाही.

दिवसाचे पाच टप्पे

पुढच्या टप्प्यांसाठी जास्तीचा वेळ जवळपास लागत नाही. पहिल्याच दिवशी पाचही धरू नका. एक टप्पा अंगवळणी पडला, की पुढचा घ्या.

1. सुरुवात. दुकानदार शटर उघडताच उंबरठ्याला हात लावतो, रिक्षाचालक हँडलला नमस्कार करतो, नट रंगमंचाला वंदन करून पाऊल टाकतो. खंडेनवमीला हत्यारे आणि यंत्रे पुजण्याची रीत घरोघर आहे. हा नमस्कार रोज करा आणि त्या वेळी मनात एकच वाक्य ठेवा: आजचे हे काम तुझे, माझ्या हातून होवो. संगणकावर काम करणाऱ्यांनी यंत्र सुरू होईपर्यंतची काही सेकंदे त्यासाठी वापरावीत.
2. चालू काम. एका वेळी एकच काम हातात घ्या. कागद तपासताना मोबाइल उलटा ठेवा. मन भरकटले की स्वतःला दोष देत बसू नका, ते परत कामावर आणा. हे परत आणणे हीच साधना आहे.
3. खोळंबा. फोन, ग्राहक, सहकारी, घरच्यांची हाक यांनी काम तुटते तेव्हा उत्तर देण्यापूर्वी एक सावकाश श्वास घ्या आणि त्याबरोबर आपल्या दैवताचे नाव मनात घ्या. खोळंबा करणाऱ्या माणसाचेही काही अडलेले आहे, हे लक्षात येण्यास एवढा वेळ पुरतो.
4. शेवट. हत्यारे पुसून जागेवर ठेवा, ओटा स्वच्छ करा, टेबल आवरा, अपुऱ्या कामाची नोंद करा. मग मनातल्या मनात ‘झाले ते अर्पण’ म्हणून ते तेथेच सोडा. कार्यालयातली धुसफुस घरच्या जेवणाच्या ताटापर्यंत नेऊ नये.
5. रात्रीचा हिशोब. झोपण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. आज कोठे मन लावून काम झाले? कोठे कुचराई केली किंवा खोटे बोललो? कोणाला माझ्यामुळे त्रास झाला? उत्तर टोचत असेल, तर उद्या करायची एक दुरुस्ती ठरवा आणि झोपा.

कोणत्या कामाला कोणती रीत

सर्व कामांना एकच साधना लागू पडत नाही. कामाचा प्रकार पाहून निवड करा.

- हाताचे, पुन्हा पुन्हा होणारे काम. कणीक तिंबणे, भाजी निवडणे, विणकाम, खुरपणी, पॅकिंग या कामांत हात सवयीने चालतात आणि मन मोकळे राहते. येथे नामस्मरण सर्वांत सोपे. महाराष्ट्रातल्या बायकांनी जात्यावर ओव्या रचल्या त्या अशाच कामात. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. कष्टाच्या जोडीने केवढी भक्ती चालत होती, त्याचा हा पुरावा आहे.
- जोखमीचे काम. वाहन चालवणे, यंत्रावर काम, विजेची दुरुस्ती, शस्त्रक्रिया, औषधाची मात्रा मोजणे. येथे काम चालू असताना जप करू नका. पूर्ण सावधपणा हाच येथला जप. भजनात तल्लीन झालेल्या गोरोबांच्या पायाखाली चिखलात मूल तुडवले गेले, ही कथा भक्तीची तन्मयता सांगते. कामातल्या बेसावधपणाला तिचा आधार घेऊ नये.
- डोक्याचे काम. हिशोब, लेखन, प्रोग्रॅमिंग, अभ्यास. एकनाथांची कथा येथे मार्गदर्शक आहे. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे हिशोबाचे काम करताना जमाखर्चात एका पैची चूक राहिली आणि ती शोधण्यात नाथांनी रात्र घालवली. चूक सापडली तेव्हा त्यांना झालेला आनंद पाहून हीच एकाग्रता भगवंताकडे लावावी असे गुरूंनी सांगितले, अशी परंपरा आहे. काम नेटके करण्यासाठी मन ज्या रीतीने गोळा होते, त्याच रीतीने ते उपासनेत गोळा होते. दर तासाभराने मिनिटभर डोळे मिटून हे गोळा झालेले मन देवाकडे वळवा.
- माणसांशी संबंध येणारे काम. शिक्षक, परिचारिका, वाहक, दुकानदार, कारकून, आशा सेविका. येथे समोरचा माणूस हेच उपासनेचे ठिकाण. त्याबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे.
- घरकाम आणि शुश्रूषा. या कामाला पगार नाही, सुट्टी नाही आणि कौतुकही क्वचितच. पहिला घास किंवा पहिली वाटी देवापुढे ठेवण्याची रीत असेल, तर ती घाईने उरकू नका, कारण त्या क्षणी सगळ्या स्वयंपाकाचा नैवेद्य होतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करताना मात्र स्वतःची झोप आणि जेवण सांभाळा. थकून गेलेल्या माणसाची सेवा लवकरच चिडचिडीत बदलते.

समोरचा माणूस

परमार्थ खरा की दिखाऊ, हे कामाच्या ठिकाणी चटकन कळते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी म्हातारे गृहस्थ खेड्यातून पहिल्या एसटीने तालुक्याला आले आहेत. हातात पिशवी, पिशवीत कागद, त्यातला एक कमी. खिडकीमागचा माणूस ‘कागद अपुरे आहेत, उद्या या’ एवढेच म्हणू शकतो. नियमात ते बसते. तोच माणूस एका चिठ्ठीवर ठळक अक्षरात काय कमी आहे, ते कोठे मिळेल आणि परत आल्यावर कोणत्या खिडकीवर यायचे हे लिहून देऊ शकतो. त्याला मिनिटभर लागते आणि त्या गृहस्थांची एक फेरी वाचते. भिंतीवर देवाचा फोटो दोन्ही खिडक्यांत असू शकतो. देवाजवळ माणूस पोहोचतो तो दुसऱ्या खिडकीत.

गाडगे महाराजांनी हातात खराटा घेऊन गावे झाडली, रात्री त्याच गावात कीर्तन केले, आणि आलेल्या पैशातून धर्मशाळा व शाळा उभ्या केल्या. त्यांच्या जीवनात साफसफाई आणि कीर्तन हे एकाच भक्तीचे दोन भाग होते. तुमच्या कामापुरते हे उतरवण्यासाठी एवढे करून पाहा:

- दिवसाकाठी निदान एका माणसाचे काम, त्याने न मागता, एक पाऊल पुढे नेऊन द्या.
- वजन, माप, दर, वेळ आणि दिलेला शब्द यांत सवलत घेऊ नका. तराजूत मारलेले दहा ग्रॅम संध्याकाळच्या आरतीने भरून निघत नाहीत.
- आपल्यापेक्षा खालच्या पदावरच्या माणसाला नावाने आणि आदराने हाक मारा. सफाई कामगार, शिपाई, सुरक्षारक्षक यांच्याशी बोलताना आवाज कसा निघतो, त्याकडे लक्ष ठेवा.

फळाची अपेक्षा सोडणे: काय सोडावे, काय सोडू नये

या मुद्द्यावर सर्वांत जास्त गोंधळ होतो. फळ सोडणे म्हणजे मोबदला सोडणे नव्हे. मोबदला हा व्यवहाराचा भाग आहे. फळाची आसक्ती मनाचा.

सोडण्याजोगे:

- निकाल आपल्याच हातात आहे हा समज
- काम करतानाच कौतुकाकडे लागलेला डोळा
- अपयशाने स्वतःला कवडीमोल आणि यशाने स्वतःला थोर ठरवणे
- शेजारच्या टेबलाशी सतत चाललेली तुलना

सोडू नये असे:

- ठरलेला पगार, मजुरी, मालाची किंमत
- बढतीसाठी किंवा पगारवाढीसाठी रीतसर अर्ज
- कामाची योजना, अंदाज आणि नफ्यातोट्याचा हिशोब
- चुकांची कारणे शोधणे आणि त्या सुधारणे

पगारवाढ मागायची असेल, तर कामाच्या नोंदीसह मागा. मागणी रास्त शब्दांत मांडा आणि उत्तर काय येते यावर रात्रीची झोप गहाण ठेवू नका. नकार आला तर पुढचा मार्ग शांत डोक्याने ठरवता येतो. शेतकऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. पेरणी, खत, फवारणी वेळेवर करणे त्याच्या हाती असते आणि पाऊस नसतो; तरीही विमा काढणे, बाजारभाव पाहणे आणि नुकसानीचा पंचनामा करून घेणे हे त्याने टाळू नये.

टाळायच्या चुका

- कामाच्या वेळात उपासना. खिडकीवर रांग उभी असताना पोथी वाचणे ही त्या रांगेची चोरी आहे. वैयक्तिक पूजापाठ स्वतःच्या वेळात करा.
- भक्तीचे प्रदर्शन. सहकाऱ्यांवर आपल्या दैवताचा, गुरूंचा किंवा व्रताचा आग्रह धरू नका. इतर धर्मांच्या आणि श्रद्धा नसलेल्या सहकाऱ्यांनाही त्याच छताखाली मोकळेपणाने काम करायचे असते.
- अन्यायावर अध्यात्माचा मुलामा. ‘सेवा समजून करा’ हे वाक्य मोबदला न देता राबवून घेण्यासाठी वापरले जात असेल, तर ते नाकारा. सेवा स्वतःहून दिली जाते, सक्तीने घेतली जात नाही.
- स्वकर्म म्हणजे जन्माने आलेले काम हा अर्थ. या अर्थाने महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या माणसांना जखडून ठेवले. मंगळवेढ्याचे चोखोबा आयुष्यभर विठ्ठलाची भक्ती करत राहिले, पण त्यांना मंदिरात पाऊल टाकता आले नाही आणि गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले झाले ते साने गुरुजींच्या 1947 मधील उपोषणानंतर. कोणतेही प्रामाणिक काम हलके नाही, हे खरे. अमुक माणसाने अमुकच काम करावे, हे त्यातून कधीही निघत नाही.
- शॉर्टकट विकणारे. कामातली अडचण, बदली, बढती किंवा धंद्यातली मंदी यांवर पैसे घेऊन अघोरी उपाय सांगणाऱ्यांपासून दूर राहा. या लेखातील कोणत्याही टप्प्याला पैसा लागत नाही आणि मध्यस्थही लागत नाही.
- आजारावर उपासनेची पट्टी. सतत निराश वाटणे, झोप न लागणे, कामाच्या विचारानेही धडकी भरणे असे अनेक दिवस चालले, तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. उपचार घेतल्याने श्रद्धा कमी होत नाही.

तुमचे हक्क

कर्मयोगी माणूस हक्क सोडून देतो असे नाही. अर्जुनाला युद्धभूमीवरून परत पाठवले नव्हते, हे लक्षात ठेवा.

- राज्यघटनेच्या कलम 25 ने प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचे आणि धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले आहे. आपली श्रद्धा मनात जपण्याचा आणि दुसऱ्याच्या श्रद्धेची सक्ती नाकारण्याचा आधार तुम्हाला त्यात मिळतो.
- कलम 17 ने अस्पृश्यता आणि कलम 23 ने वेठबिगारी बंद केली आहे. हाताने मैला वाहून नेण्याचे काम करून घेण्यास 2013 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. परंपरा, पुण्य किंवा सेवा यांची नावे पुढे करून हे कोणालाही डावलता येत नाही.
- लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. सहनशीलता हा सद्गुण असला, तरी येथे तक्रार करणे हाच धर्म.
- जादूटोणा आणि अघोरी प्रथांच्या नावाने फसवणूक किंवा छळ होत असेल, तर महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार पोलिसांकडे तक्रार करता येते.

हक्कासाठी भांडतानाही साधना चालू राहू शकते. कागदपत्रे जपा, तारखांची नोंद ठेवा, खोटे लिहू नका, आणि विरुद्ध बाजूच्या माणसाचा द्वेष न करता त्याच्या कृतीला विरोध करा.

काम बदलावे का

काम नकोसे झाले, की ‘हे माझ्यासाठी नाही’ असे वाटू लागते. निर्णय घेण्यापूर्वी पुढील क्रमाने विचार करा.

1. काम मुळातच चुकीचे आहे का? फसवणूक, भेसळ, लाच किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका हा त्याचा नेहमीचा भाग असेल, तर त्यात अर्पणभाव आणता येणार नाही. दुसरे काम शोधा. घर चालवायचे असल्याने लगेच सोडता येत नसेल, तर निदान तारीख ठरवा आणि तोवर चुकीच्या व्यवहारावर स्वतः सही करू नका.
2. काम ठीक आहे, पण जागा छळाची आहे का? मग आधी तक्रार किंवा बदलीचा मार्ग पाहा, नंतर नवी नोकरी.
3. दोन्ही ठीक असूनही कंटाळा आहे का? वर दिलेले पाच टप्पे तीन महिने पाळून पाहा. कंटाळा पुष्कळदा अर्धवट मनाने केलेल्या कामातून येतो.
4. त्यानंतरही ओढ दुसऱ्या कामाकडे राहिली, तर घरच्यांशी बोलून, पैशांची तजवीज करून खुशाल बदला. काम बदलणे म्हणजे देवाने दिलेले नाकारणे नव्हे.

प्रगती कशी ओळखावी

दिव्य अनुभव, स्वप्ने किंवा प्रकाश यांची वाट पाहू नका. खुणा साध्या आहेत आणि त्या तुमच्याआधी घरच्यांना व सहकाऱ्यांना दिसतात.

- कोणी पाहत नसतानाही काम तितकेच नीट होते.
- चूक लपवण्याऐवजी ती सांगण्याकडे मन वळते.
- दुसऱ्याचे कौतुक ऐकताना आत टोचणी लागत नाही.
- राग येतो, पण लवकर ओसरतो आणि शब्दांत उतरण्याआधी सावरता येतो.
- देवाची आठवण संकटापुरती न राहता चहाच्या सुट्टीत आणि बसच्या रांगेतही सहज येते.

यांतली एखादी खूण महिनोन्‌महिने दिसली नाही, तर नवी साधना शोधत फिरू नका. पाच टप्प्यांपैकी कोणता सुटला आहे ते पाहा आणि उद्याच्या कामापासून तेवढा पुन्हा धरा.